बोन मॅरो बायोप्सी म्हणजे काय? सुई, दुखणं आणि रिपोर्टमधले घाबरवणारे शब्द, सगळं नीट समजून घ्या

इथे आपण एरवी प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा असलं काहीतरी उघडून आत बघतो. आज विषय जरा वेगळा आहे. मागच्या वर्षी आमच्या घरात ही तपासणी झाली. तेव्हा मी रात्रभर मोबाईलवर शोधत बसलो होतो आणि जे वाचलं त्याने समजण्यापेक्षा घाबरायलाच जास्त झालं. त्या रात्री मला जो लेख हवा होता, तो आता लिहितोय.

नाना, म्हणजे माझे वडील, वय ५८. रावेर तालुक्यात केळीची शेती. दोन महिन्यांपासून त्यांना बागेत चालताना धाप लागत होती, जिभेची आग व्हायची, पायाला मुंग्या यायच्या. ‘वय झालं’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग आठ दिवस ताप राहिला आणि जळगावला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.१, पांढऱ्या पेशी २,३००, प्लेटलेट ५२ हजार. तिन्ही आकडे लाल अक्षरात. डॉक्टर म्हणाले, ‘बोन मॅरो करून घेऊ.’

मी पुण्यात होतो. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सर्च सुरू केलं. पहिल्या पाच मिनिटांत कॅन्सरची तीन पानं आणि एक किंचाळणारा व्हिडिओ. सकाळी जळगावला उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात निकाल लागलेला होता. दवाखान्यात आईने पहिला प्रश्न विचारला, ‘हाडातून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणे, खरं का रे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हाडाच्या आत नक्की काय असतं?

मटणाची नळी फोडून खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हाड वरून कडक असलं तरी आतून भरीव नसतं. आतल्या बारीक जाळीत मऊ, लालसर मगज असतो, त्यालाच अस्थिमज्जा म्हणजे बोन मॅरो म्हणतात. रक्त तयार होतं ते इथेच. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही इथूनच बाहेर पडतात.

या कारखान्याचा वेग ऐकून मी चाट पडलो होतो. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या लाल पेशी तयार होतात. लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि पांढऱ्यांपैकी काही तर रक्तात काही तासच असतात. म्हणजे कारखाना थोडा जरी अडखळला तरी काही दिवसांत मालाचा तुटवडा दिसायला लागतो.

लहानपणी जवळपास सगळ्या हाडांत लाल मगज असतो. वय वाढतं तसा हातापायाच्या लांब हाडांतला मगज पिवळा, चरबीचा होत जातो. मोठ्या माणसात मुख्य काम चालतं ते कंबरेच्या हाडात, मणक्यांत, छातीच्या हाडात आणि बरगड्यांत. तपासणी कंबरेच्या हाडातूनच का करतात, त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

सीबीसी मशीन कुठे थांबतं?

आपण सगळे सीबीसी करून घेतो. त्या मशीनच्या मुळाशी वॉलेस कूल्टर या अमेरिकन इंजिनिअरची एक फार साधी कल्पना आहे, तिचं पेटंट त्याला १९५३ साली मिळालं. केसाएवढं बारीक भोक, त्यातून वाहणारा विजेचा प्रवाह, आणि त्याच भोकातून एकामागे एक जाणाऱ्या रक्तपेशी. पेशी भोकात आली की विजेला अडथळा होतो, एक पल्स मिळते. पल्स मोजल्या की पेशींची संख्या कळली, पल्सची उंची मोजली की पेशीचा आकार कळला. आजची मशीनं यापुढे लेझरही वापरतात, पण मोजणीच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

आता यातली मर्यादा बघा. हे मशीन बाहेर आलेला माल मोजतं. माल कमी का आहे, ते त्याला कळत नाही. कच्चा माल संपलाय, कारखान्यात कोणी घुसखोरी केली आहे, की कारखानाच बंद पडलाय? की उत्पादन ठीक आहे आणि बाहेर कोणीतरी माल नासवतंय? चारही वेळा आकडा सारखाच कमी येऊ शकतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डॅशबोर्ड लाल दिसला की सर्व्हरचे लॉग उघडतो, इथे हाड उघडावं लागतं.

अर्थात त्याआधी एक पायरी असते आणि ती झाली का, हे जरूर विचारा. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून माणसाने मायक्रोस्कोपखाली बघायचा, त्याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. कारण मशीन फसतं. काही लोकांच्या प्लेटलेट नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात, मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट वाटतच नाही आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट खोट्याच कमी येतात. वेगळ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की आकडा नॉर्मल! आजार नाहीच, बग मोजणीत. स्मिअर बघितला की हे लगेच पकडलं जातं.

ही तपासणी कोणाला सांगतात?

बोन मॅरो म्हटलं की घरातल्यांच्या तोंडावर एकच शब्द येतो. तो शब्द चुकीचा नाही, पण एकटाही नाही. ब्लड कॅन्सर ओळखायला ही तपासणी लागते, लिम्फोमा किंवा मायलोमा मगजापर्यंत पोचलाय का हे बघायलाही लागते. पण कारखानाच सुकत जाणारा अप्लास्टिक ॲनिमिया, कारण न सापडणारा लांबलेला ताप, मगजात दडलेला टीबी, किंवा तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कमी होणं, यासाठीही ती सांगतात. शेवटच्या प्रकाराला पॅन्सायटोपेनिया म्हणतात. नानांच्या फाईलवर हाच शब्द होता. आपल्या देशात पॅन्सायटोपेनियाच्या नेहमीच्या कारणांत एक कारण बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता हे आहे. हे मला ट्रॅव्हल्समध्ये कोणीच सांगितलं नव्हतं.

आपल्या भागाशी संबंधित एक गोष्ट. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. तो ओळखायला बोन मॅरो लागत नाही. साध्या रक्तावर सोल्युबिलिटी टेस्ट आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केली की निदान होतं. तेव्हा फक्त सिकलसेलच्या शंकेवरून कोणी सुई सुचवत असेल तर ‘कशासाठी?’ असं शांतपणे विचारायला हरकत नाही.

त्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं?

बहुतेक ठिकाणी दाखल व्हावं लागत नाही. रक्तरोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन ही तपासणी करतात. फक्त जागेवरची भूल देणार असतील तर उपाशी राहायची गरज नसते. झोपेचं इंजेक्शनही देणार असतील तर किती तास आधीपासून खायचं नाही ते सांगतात, आणि लहान मुलांना शक्यतो झोपवूनच करतात. आधी एक संमतीपत्र असतं. ते अनेकदा इंग्रजीत असतं. सही करण्याआधी ‘यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा’ म्हणणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दात काढताना वगैरे रक्त थांबायला त्रास झाला होता का, सुन्न करायच्या इंजेक्शनची कधी ॲलर्जी आली होती का. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. आणि गावच्या डॉक्टरांनी बी-१२ चं लाल इंजेक्शन आधीच दिलं असेल तर तेही सांगाच. त्या इंजेक्शनने मगजातलं चित्र एक-दोन दिवसांत बदलायला लागतं आणि मग तपासणाऱ्याला अर्धाच पुरावा मिळतो.

मग कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, किंवा पालथं. कंबरेच्या मागे, कुल्ल्याच्या वर जिथे खळगी दिसते, तिथे कंबरेच्या हाडाचं टोक कातडीच्या अगदी जवळ असतं. डॉक्टर अंगठ्याने ते चाचपून जागा ठरवतात. जागा साफ करतात, ते औषध गार लागतं. नंतर लिग्नोकेनचं इंजेक्शन, आधी कातडीत आणि मग हाडाच्या वरच्या पापुद्र्यापर्यंत. हे टोचतं आणि काही सेकंद जळजळतं. त्यानंतर दोन-चार मिनिटं थांबायचं असतं. ती मिनिटं थांबणं महत्त्वाचं आहे. जागा सुन्न झाली नसेल तर सरळ सांगा, आणखी औषध देता येतं.

यानंतर दोन वेगळी कामं होतात आणि लोक दोन्हींना मिळून ‘बोन मॅरो’ म्हणतात.

पहिलं ॲस्पिरेशन. सुई फिरवत फिरवत हाडात जाते, सुतार गिरमिट फिरवतो तशी. यात दुखण्यापेक्षा दाब जाणवतो, कोणीतरी कंबरेवर जोर देतंय असा. मग सिरिंज लावून मगज ओढतात. हाडाच्या आतला भाग सुन्न करता येत नाही, त्यामुळे ओढताना एक विचित्र, खोल कळ कंबरेतून मांडीपर्यंत जाते. ती खरी आहे, आणि ‘काहीच होत नाही’ असं सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. पण ती सेकंदांत मोजायची असते, पाच-दहा सेकंद, आणि ओढणं थांबलं की थांबते. डॉक्टरांना ‘ओढायच्या आधी सांगा’ म्हणून ठेवा आणि तेव्हा तोंडाने हळूहळू श्वास सोडा. पहिला ओढा जाणूनबुजून अगदी थोडा, अर्धा मिलिलिटरच्या आसपास घेतात, कारण जास्त ओढलं की त्यात साधं रक्त मिसळतं. फ्लो आणि जनुकांच्या तपासण्यांसाठी मग आणखी थोडं.

दुसरं काम म्हणजे खरी बायोप्सी, तिला ट्रिफाइन म्हणतात. बाजार समितीत व्यापारी पोत्यात पोकळ टोकदार नळी खुपसून धान्याचा नमुना काढतो ना? तेच. पोकळ सुई हाडात पुढे नेतात, थोडी हलवून आतला तुकडा सोडवतात आणि बाहेर काढतात. तुकडा दोन-तीन मिलिमीटर जाड आणि साधारण दीड-दोन सेंटिमीटर लांब, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा छोटा तुकडा समजा. बहुतेक वेळा कातडीवरचं भोक तेच असतं, फक्त आतली जागा थोडी बदलतात.

ज्या सुईने हे करतात तिलाही इतिहास आहे. रशियन डॉक्टर मिखाईल अरिंकिन यांनी १९२७ साली छातीच्या हाडात सुई घालून मगज ओढायची सोपी पद्धत सुरू केली. छातीच्या हाडामागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने आज मोठ्या माणसात तिथून फार तर मगज ओढतात, तुकडा काढत नाहीत. सध्याच्या ट्रिफाइन सुईला जमशिदी सुई म्हणतात, खुसरो जमशिदी या मूळच्या इराणी डॉक्टरांच्या नावावरून. त्यांनी १९७१ मध्ये सुईचं टोक आतल्या बाजूला किंचित निमुळतं केलं. त्यामुळे तुकडा नळीत शिरताना चेपत नाही आणि बाहेर काढताना निसटतही नाही. इतका छोटा बदल, आणि डिझाइन अजून टिकून आहे!

एकूण वेळ वीस ते तीस मिनिटं. नानांना आत नेलं तेव्हा बाहेर साक्रीकडचा एक मुलगा नंबरची वाट बघत होता, वय असेल बावीस, सोबत मोठा भाऊ. नाना बाहेर आल्यावर त्या भावाने घाईने विचारलं, ‘बाबा, दुखस का?’ नाना म्हणाले, ‘इंजेक्शन टोचतं. मग एक ओढ लागते, मांडीपर्यंत. मोज दहा, तोवर सरते.’ मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा हे जास्त अचूक होतं.

नंतर अर्धा तास पाठीवर झोपवतात, म्हणजे अंगाच्या वजनाने जागेवर दाब राहतो. प्लेटलेट कमी असल्या तरी तपासणी सहसा करता येते, फक्त दाब जास्त वेळ द्यावा लागतो. पट्टी २४ तास कोरडी ठेवायची. एक-दोन दिवस जड उचलायचं नाही, आणि आपल्याकडे खास सांगावं लागतं, त्याच दिवशी बाईकवर मागे बसून गावी जायचं नाही. दोन-चार दिवस ठणकतं, पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको, त्याने रक्त वाहू शकतं. पट्टी रक्ताने भिजत राहिली, ताप आला, जागा सुजून लाल झाली किंवा पाय बधिर वाटला, तर वाट न बघता फोन करा.

लुळं पडणं, मगज संपणं वगैरे

आईच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सुई मणक्यात जातच नाही. मज्जारज्जू कंबरेच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो, आणि सुई त्याच्या खाली, बाजूच्या कंबरेच्या हाडात असते. मणक्यातून पाणी काढायची तपासणी वेगळी असते, लोक दोन्हींची गल्लत करतात. मराठीत अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू या दोन्ही शब्दांत ‘मज्जा’ आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

मगज संपत नाही. काही मिलिलिटर काढतात आणि शरीर ते भरून काढतं. मगज दान करणाऱ्यांकडून तर काहीशे मिलिलिटर घेतात आणि तेही काही आठवड्यांत भरून निघतं. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीतीही इथे निराधार आहे. ब्लड कॅन्सर असलाच तर तो आधीपासून रक्तात फिरत असतो.

धोका शून्य नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे दोन मुख्य. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००१ या सात वर्षांत सुमारे ५५ हजार तपासण्यांची पाहणी झाली, त्यात गंभीर त्रास २६ जणांना झाला होता. म्हणजे दोन हजारांत एकाच्या आसपास.

लॅबमध्ये काय होतं आणि रिपोर्ट तुकड्यातुकड्याने का येतो?

एकाच सुईतून निघालेला माल चार वाटांनी जातो आणि प्रत्येक वाटेचा वेग वेगळा असतो. हे आधी कळलं असतं तर मी चौथ्या दिवशी लॅबवाल्याशी भांडलो नसतो.

ओढलेला मगज तिथल्या तिथे काचेवर पसरतात आणि रंग देतात. याचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत येऊ शकतो. दुसरी नळी फ्लो सायटोमेट्रीला जाते. हे मशीन आपल्या वाचकांना आवडेल असं आहे: पेशींना चमकणाऱ्या रसायनाच्या चिठ्ठ्या चिकटवतात, मग पेशी एका रांगेत लेझरसमोरून धावतात आणि कोणती चिठ्ठी चमकली ते सेन्सर टिपतो. हजारो पेशींची ओळखपरेड काही मिनिटांत. रिपोर्टमध्ये सीडी१९, सीडी३४ असे आकडे दिसतात ते या चिठ्ठ्यांचे नंबर, आजाराचे नाहीत. फ्लो सगळ्यांनाच लागते असं नाही.

हाडाचा तुकडा मात्र लगेच कापता येत नाही. आधी रसायनात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात, हाड मऊ झालं की मेणात बसवतात, मग अतिशय पातळ काप घेतात. त्यामुळे बायोप्सीला आठवडा धरूनच चाला. क्रोमोसोम बघायचे असतील तर पेशी वाढवाव्या लागतात, त्याला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. नमुना मुंबईला गेला तर प्रवासाचा वेळ वेगळा.

कधीकधी सिरिंजमध्ये काही येतच नाही. याला ड्राय टॅप म्हणतात. डॉक्टरांची चूकच असते असं नाही. मगजात धागे झाले असतील किंवा पेशी ठासून भरल्या असतील तर तो ओढला जात नाही, आणि तेव्हा तुकडाच कामाला येतो.

तो एक शब्द

तिसऱ्या दिवशी रात्री अकराला लॅबकडून व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते. मी अर्थातच उघडली. पहिल्या ओळीत ‘हायपरसेल्युलर मॅरो’. खाली ‘मेगालोब्लास्टिक’. माझी नजर त्यातल्या ‘ब्लास्ट’ वर अडकली, कारण ट्रॅव्हल्समध्ये मी वाचलं होतं की ब्लास्ट वाढले की ल्युकेमिया. मी पुण्याला बायकोला फोन केला, रडलो, आणि नानांपासून पाणी प्यायच्या निमित्ताने लांब जाऊन बसलो. आत्याला पीडीएफ पाठवली, आत्याने धुळ्याच्या अख्ख्या ग्रुपवर टाकली. सकाळी सहाला नानांनाच फोन आला, ‘भाऊ, धीर धर.’

आता शब्द समजून घ्या. ब्लास्ट म्हणजे कोवळी, अजून तयार न झालेली पेशी. ती प्रत्येकाच्या मगजात असते, साधारण पाच टक्क्यांच्या आत. अक्यूट ल्युकेमियासाठी सर्वसाधारण सीमा वीस टक्क्यांची धरतात. पण मेगालोब्लास्ट हे वेगळंच प्रकरण आहे. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड नसलं की पेशीला डीएनएची प्रत नीट बनवता येत नाही. पेशी मोठी होत जाते, पण वेळेवर विभागत नाही आणि बऱ्याच पेशी मगजातच मरतात. बाहेर माल कमी, आत गर्दी. म्हणून मगज हायपरसेल्युलर म्हणजे पेशींनी भरलेला दिसतो. नानांच्या रिपोर्टमध्ये खाली साध्या आकड्यात लिहिलेलं होतं, ब्लास्ट दोन टक्के. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं.

मगज किती भरलेला असावा याचा ढोबळ हिशोब शंभर वजा वय. साठीच्या माणसात चाळीस टक्के ठीक. त्यामुळे ‘सेल्युलॅरिटी ४०’ बघून अर्धा कारखाना बंद पडला असं समजू नका.

या आजाराचं आणि मुंबईचं जुनं नातं आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. गरोदर बायकांना, त्यात गिरणी कामगार बायका होत्या, होणारा एक जीवघेणा ॲनिमिया त्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून अभ्यासत होत्या. त्यांना दिसलं की यीस्टपासून बनवलेलं मार्माइट हे स्वस्त चाटण दिलं की बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातला तो अज्ञात घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. नानांमध्ये कमी होतं ते त्याचं भावंड, बी-१२. मायक्रोस्कोपखाली दोन्ही कमतरता सारख्याच दिसतात, म्हणून रक्तातली पातळी वेगळी तपासावी लागते. नाना माळकरी, त्यात दूध पचत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोरा चहा. शाकाहारी जेवणात बी-१२ चा आधार दूध-दही, आणि तेच बंद. जिभेची आग आणि पायाच्या मुंग्यांचं कारणही हेच होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याभरात रक्तात नव्या पेशी दिसायला लागल्या आणि दोनेक महिन्यांत हिमोग्लोबिन जाग्यावर आलं.

म्हणून तुमचंही बी-१२ च असेल असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये. साक्रीच्या त्या मुलाचा रिपोर्ट वेगळा आला. त्याच्या भावाने तो माझ्यासमोर धरून ‘वाचून सांग ना भाऊ’ म्हटलं आणि मी वाचलं नाही. डॉक्टरांची खोली दाखवली. पुढच्याच आठवड्यात ते मुंबईला गेले.

रिपोर्ट आणि मोबाईल

पीडीएफ आली तर उघडाल, मला माहीत आहे. मग निदान शेवटचा ‘इम्प्रेशन’ भाग बघा आणि न कळलेले शब्द कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. चॅटबॉटला विचारायचंच असेल तर ‘या शब्दाचा अर्थ काय’ एवढंच विचारा, ‘मला कॅन्सर आहे का’ नको. त्याच्यासमोर ना रुग्ण असतो, ना स्लाइड. नाव, वय, हॉस्पिटलचा नंबर झाकून टाका. फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी ज्याचा रिपोर्ट आहे त्याला विचारा. आम्ही विचारलं नव्हतं आणि नाना त्यावरून अजून बोलतात. फाईलला तारीख आणि तपासणीचं नाव द्या. १४ अंकी आभा नंबर काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडता येतात, पण मूळ कागद सांभाळाच.

पैसे, प्रवास आणि काचेच्या पट्ट्या

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी लॅबला पैसे भरण्याआधी तिथे चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची पॅकेजेस असतात, नुसती बाहेर केलेली तपासणी सहसा त्यात धरत नाहीत. त्यामुळे योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला आधी भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. कॅन्सरचं निदान झालं तर उपचाराला जाण्यासाठी हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावर रेल्वेची सवलत मिळते: स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

आणि मुंबईला दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर नुसती पीडीएफ नेऊन भागत नाही. परळला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तिथले डॉक्टर स्वतः नमुना बघतात. त्यासाठी लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा लागतो. मागितला की देतात, सही करून घ्यायचा. स्लाइड फुटू नयेत म्हणून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. ब्लॉक मेणाचा आहे, एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत टाकू नका, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा.

नानांना स्लाइडची गरज पडली नाही. तरी मी त्या आणल्या. कपाटात सात-बाराच्या फाईलशेजारी डबी ठेवली आहे, वर आईच्या अक्षरात चिठ्ठी: ‘नानांचं हाड. फेकू नये.’